‘शहाणी’ मुलगी: अ‍ॅनोरेक्सिया आणि भावनाकेंद्री मानसोपचाराचं एक प्रकरण

सुरुवातीला दोन खुलासे. खालचं प्रकरण कुठल्याही एका व्यक्तीचं नाही. अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजारात, पुन्हा पुन्हा भेटणारे धागे घेऊन ते अभ्यासासाठी जुळवलं आहे. म्हणून यातल्या मुलीला नाव नाही. दुसरं, यात वजनाचा, बीएमआयचा किंवा कॅलरींचा आकडा कुठेही दिलेला नाही. असं लिखाण आजारी माणसंही वाचतात, आणि त्यांच्या हाती आकडा लागला की त्याची शर्यत होते. ‘ती एवढ्यापर्यंत गेली होती, मी अजून नाही, म्हणजे मला काही झालेलं नाही.’ त्यापेक्षा आकडे गाळलेले बरे.

पहिली भेट

ती 23 वर्षांची होती आणि आजार सहा वर्षांचा. मधे एकदा रुग्णालयात दाखल होऊन वजन वाढवून घरी आली होती. वर्षाच्या आत ते पुन्हा उतरलं. माझ्याकडे आली ती वेळेच्या दहा मिनिटं आधी. बसण्यापूर्वी तिने जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेली फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “तुम्हाला शोधाशोध नको.” हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. का, ते त्या दिवशी सांगता आलं नसतं.

काय त्रास होतो असं विचारलं तर उत्तर आलं, “त्रास असा नाही. घरच्यांना काळजी वाटते.” हात गार पडलेले, मनगटावर बारीक लव, पाळी बंद. खोलीतल्या पंख्याने ती काकडत होती, पण बंद करा म्हणाली नाही. मीच उठून बंद केला तेव्हा दोनदा ‘सॉरी’ म्हणाली.

आधी तिने विचार-वर्तन उपचार, म्हणजे सीबीटी, घेतली होती, आणि ती वाईट झाली होती असं मुळीच नाही. जेवणाच्या नोंदींची वही तिने एकही दिवस न चुकवता भरली होती. ‘मी जाड आहे याला पुरावा नाही’ हे वाक्य सुवाच्य अक्षरात, योग्य रकान्यात होतं. तिला ते पटलेलंही होतं. घास मात्र उतरत नव्हता. सांगितलेलं सगळं करणारी, कुणाला तोशीस न देणारी ही रुग्ण उपचारही तसेच घेत होती, जसं बाकी सगळं जगत होती.

उपचारांची चौकट पहिल्याच सत्रात ठरवली. वजन माझ्या खोलीत होणार नाही, ते फिजिशियनकडे. आहारतज्ज्ञ वेगळी. मनोविकारतज्ज्ञ दर महिन्याला. नाडी, रक्तदाब, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट यांपैकी काहीही ठरवलेल्या रेषेखाली गेलं तर रुग्णालय, आणि त्यावर माझ्याशी वाटाघाट नाही. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्या मोजक्या आजारांत अ‍ॅनोरेक्सिया मोडतो, त्यामुळे भावनांवर काम करणाऱ्याने शरीराकडे डोळेझाक करणं हा गुन्हाच आहे. खायला सुरुवात करतानाही धोका असतो. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं तर फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि हृदयावर बेतू शकतं. म्हणून जेवण किती आणि कसं वाढवायचं हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात. मी नाही, आणि घरचेही नाहीत.

भूक मेलेली नसते

1873 साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं. गल यांनी दिलेलं नाव टिकलं, आणि ते चुकीचं आहे. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे शब्दशः भूक नसणं. प्रत्यक्षात किमान सुरुवातीची बरीच वर्षं तरी भूक असते, चांगली सणसणीत असते. तिला दाबून टाकता येणं, हीच त्या माणसाला आपली एकमेव कमाई वाटत असते.

उपासमार स्वतःच मनाचं काय करते याचा दाखला 1944-45 मधल्या मिनेसोटा प्रयोगात आहे. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांना काही अ‍ॅनोरेक्सिया नव्हता. तरी ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, ताटातलं चिवडत तासन्‌तास बसू लागले, चिडचिडे झाले, माणसांतून उठले, आणि पुढेपुढे कशातच रस उरला नाही. रुग्णाच्या स्वभावात जे दिसतं त्यातलं बरंचसं उपासमारीचंच असतं, हे नातेवाइकांना सांगताना मला या प्रयोगाचा फार उपयोग होतो. पण आमच्या कामासाठी त्यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची. उपाशी माणूस बधिर होत जातो. ज्याला काही जाणवूच द्यायचं नाही त्याच्यासाठी ही बधिरता म्हणजे आजाराचा तोटा नव्हे, तोच तर फायदा.

भावनाकेंद्री मानसोपचार इथून सुरू होतो. कॅनडातले लेस्ली ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून ही पद्धत उभी केली. तिचा गाभा साधा आहे. सगळ्या भावना एका जातीच्या नसतात. काही आतून थेट येतात आणि काय हवं आहे ते नेमकं सांगतात: कुणी हद्द ओलांडली की राग, काही गमावलं की दुःख. काही तितक्याच आतून येतात, पण जुन्या जखमेच्या असतात, आजच्या प्रसंगाशी त्यांचा मेळ नसतो. ‘मी मुळातच नकोशी आहे’ ही लाज अशी. तिसऱ्या प्रकारच्या भावना या पहिल्या दोन्हींवर ओढलेल्या पांघरुणासारख्या. चौथा प्रकार समोरच्यावर परिणाम व्हावा म्हणून वापरलेल्या भावनांचा, त्याचं इथे काम नाही. उपचार म्हणजे पांघरूण बाजूला करून जुन्या जखमेपर्यंत पोचायचं आणि तिथे नवी, जिवंत भावना जागी होऊ द्यायची. भावना समजावून बदलत नाही. दुसऱ्या भावनेने बदलते.

अ‍ॅनोरेक्सियासाठी या पद्धतीचा तपशीलवार वापर जोआन डोल्हँटी यांनी केला आणि ग्रीनबर्ग यांच्यासोबत 2009 मध्ये त्यावर एक प्रकरण प्रसिद्ध केलं. इंग्लंडमध्ये केंट आणि ससेक्स भागात अ‍ॅना ओल्डरशॉ यांच्या गटाने ‘हरवलेला भावनिक मी’, म्हणजे आजारात माणूस आपल्याच भावनांपासून तुटतो, ही कल्पना मांडून त्यावर बेतलेला उपचार तयार केला. तरी भाबडेपणा नको. ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आधी ज्या तीन उपचारांची नावं येतात त्यांत हा नाही. या मुलीने त्यांपैकी एक, सीबीटी, मनापासून करून पाहिला होता, म्हणून आम्ही इकडे वळलो.

‘कसंतरी’

तिसऱ्या सत्रात ती आली आणि बसता बसताच म्हणाली, “आज मला खूप जाड वाटतंय.”

या वाक्यावर वाद घालायचा नसतो आणि धीरही द्यायचा नसतो. मी विचारलं, “कधीपासून?”

“सकाळपासून.”

“सकाळी उठल्या उठल्या?”

ती थांबली. “नाही. आईचा फोन येऊन गेल्यावर.”

फोनवर वेगळं काही झालं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ नव्या नोकरीत रुजू होणार होता, आई त्याबद्दल बोलत होती, ती ऐकत होती. मग फोन ठेवला आणि जाड वाटायला लागलं. “फोन ठेवल्यावर अंगात नेमकं कुठे काय झालं?” तिने बराच वेळ विचार केला. ती खोटं बोलत नव्हती, तिला खरंच सापडत नव्हतं. शेवटी म्हणाली, “कसंतरी झालं.”

मराठीत हा शब्द म्हणजे अडगळीची खोली आहे. भीती, किळस, लाज, पोरकेपणा, सगळं त्यात ढकलून दार लावून घेता येतं. ऐकणारासुद्धा मान डोलावतो आणि विषय पुढे जातो. भावनाकेंद्री कामात मात्र तिथेच मुक्काम ठोकावा लागतो. त्या दिवशी आम्ही अर्धा तास ‘कसंतरी’पाशी काढला. घशात आहे की छातीत? गरम की गार? हलतंय की बसून आहे? हळूहळू कळलं की पोटात वरच्या बाजूला गोळा येतो, मग तो ‘मोठा होतो’, आणि मग पोट मोठं वाटतं. जाड वाटणं हे त्या गोळ्याचं शेवटचं रूप होतं.

आपली भाषा निम्म्या भावना पोटातच ठेवते. पोटात खड्डा पडतो, पोटात तुटतं, चुका पोटात घालतात, राग गिळतात. पोटाशी उभा दावा मांडलेल्या मुलीला तीच भाषा घेऊन बसवणं मला आधी जपून करण्यासारखं वाटलं होतं. पण तिला ते सोपं गेलं. सहाव्या सत्रापर्यंत ती स्वतःच म्हणू लागली, “जाड वाटतंय, म्हणजे आधी काहीतरी झालं असणार.”

माझी घाई

या प्रगतीने मी हुरळले आणि सातव्या सत्रात चूक केली.

या पद्धतीत दोन खुर्च्यांचं काम असतं. माणूस एका खुर्चीत बसून आपल्याच आतल्या टीकाकाराचा आवाज होतो आणि समोरच्या खुर्चीकडे पाहून बोलतो. मग उठून समोर बसतो आणि ते बोलणं कसं लागलं ते सांगतो. अ‍ॅनोरेक्सियात हा टीकाकार आयताच हजर असतो. बरेच रुग्ण त्याला ‘आवाज’च म्हणतात. ही त्याला ‘तो’ म्हणायची: तो ओरडतो, तो मोजायला लावतो.

मी खुर्च्या मांडल्या. तिने दोन्ही भूमिका नीट वठवल्या. ‘तो’ म्हणाला, तू हावरट आहेस. समोरून ती म्हणाली, तू मला त्रास देऊ नकोस. चेहऱ्यावर काही हललं नाही. मी आणखी जोर लावला: “त्याला सांग, निघून जा.” तिने सांगितलं. सत्र संपलं, ती आभार मानून गेली आणि पुढचे दोन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही. हे मला फिजिशियनच्या फोनवरून कळलं.

पुढच्या वेळी मी माझी चूक सरळ कबूल केली. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, “त्याला हाकलायला सांगितलंत. मग मी राहू कुठे?”

मी आजाराला शत्रू धरून चालले होते. तिच्या लेखी सहा वर्षं सोबत राहिलेला तो एकटाच होता. लंडनमध्ये जॅनेट ट्रेजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात रुग्णांकडून आजाराला दोन पत्रं लिहून घेतली होती, एक मित्र म्हणून आणि एक शत्रू म्हणून. तेच मी तिला सुचवलं. शत्रूचं पत्र अर्ध्या पानाचं आलं, वाचलेल्या माहितीतून उतरवल्यासारखं. मित्राचं पत्र तीन पानी होतं. त्यात एक ओळ होती: ‘तू आल्यापासून मला कुणाकडे काही मागावं लागलं नाही.’

पुढचे दीड महिने खुर्च्या भिंतीला लावलेल्याच राहिल्या.

मी नसते तर

चौदाव्या सत्रात तिनेच विषय काढला. आता तिला ‘त्याला’ हाकलायचं नव्हतं, विचारायचं होतं. तेव्हाही सुरुवात नेहमीसारखी झाली. आवाजाच्या खुर्चीत बसून ती पुरुषी क्रियापदं वापरत होती: मी सांगतो ते ऐक, मी बघतो तू कशी खातेस ते. मी विचारलं, “हिने ऐकलं नाही तर काय होईल? तुला कसली धास्ती आहे?”

आवाज थोडा खाली आला. “ही मागत सुटेल. हिला थांबता येत नाही. मी नसते तर घरात हिचं काय झालं असतं?”

नसतो नव्हे, नसते. सवयीने झालं असेल. शेवटी बोलणारी तीच होती. पण मला थांबावंसं वाटलं. “आत्ता जी बोलली ती कोण?”

ती दचकली. मग रडू लागली, आवाजाच्याच खुर्चीत बसून. हे महत्त्वाचं, कारण रडणं दुसऱ्या खुर्चीत अपेक्षित असतं, जिच्यावर टीका होते तिच्या. “मी नऊ वर्षांची आहे,” ती म्हणाली. “मला शहाण्यासारखं वागायचंय.”

तिचा भाऊ पाच वर्षांचा असताना दीर्घकाळ आजारी पडला होता. वर्षभर घर आणि रुग्णालय. तो पुढे ठणठणीत बरा झाला. त्या वर्षात तिला कुणी मारलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. फक्त प्रत्येकजण जाता जाता म्हणे, “तू शहाणी आहेस ना?” ‘शहाणी’ म्हटलेल्या मुलाच्या तोंडाला तिथेच कुलूप लागतं. रागवायचं तर कुणावर? आजारी भावावर? पिचून गेलेल्या आईवर? मग राग जातो तो स्वतःवर: मला हवंसं वाटतं, हेच चुकीचं. सतराव्या वर्षी घरापासून दूर राहायला गेल्यावर, सगळं नवं आणि अनोळखी असताना, तिच्या हाती या वृत्तीचं टोकाचं रूप लागलं. काहीही न मागणं शिकायचं तर भुकेपासून सुरुवात करावी. ती मागणी दिवसातून अनेकदा येते आणि प्रत्येक वेळी जिंकता येते.

इथे मला ज्याला उपचारातला बदल म्हणता येईल ते पहिल्यांदा दिसलं. तो समजुतीतला बदल नव्हता. भावाच्या आजाराबद्दल ती आधीच्या फाइलमध्येही नीट सांगून गेली होती, कोरड्या डोळ्यांनी. बदल हा की आजवर जो जल्लाद होता, तो घाबरलेलं मूल निघाला. जल्लादाशी भांडता येतं किंवा त्याच्यापुढे मान तुकवता येते. घाबरलेल्या मुलाशी तिसरंच काहीतरी करावं लागतं.

थर्मामीटर

बाविसावं सत्र. रिकाम्या खुर्चीत या वेळी कल्पनेने आईला आणून बसवलं होतं. तिने सुरुवात केली आईची बाजू घेऊन: तुझी काही चूक नव्हती, तू किती धावपळ केलीस. मी ते तोडलं नाही. ती वाक्यं खरीच होती. फक्त विचारलं, “त्या वर्षातलं काय दिसतंय आत्ता?”

तिला कपाट दिसलं. भावाची औषधं ठेवायचा खण. त्यात थर्मामीटर, काचेचा, पाऱ्याचा, त्याच्या डबीत. एका संध्याकाळी तिचं अंग तापलं होतं. घरात कुणाला सांगायचं ते कळेना, म्हणून तिने तो खणातून काढला, मोठ्या माणसांना पाहिलं होतं तसा लावला, पारा कुठवर चढला ते पाहिलं. मग धुतला, पुसला, आणि मनगटाला झटके देत देत पारा पूर्ण खाली आणला. डबीत होता तसा ठेवला. कुणाला कळायला नको.

हे सांगताना तिचा उजवा हात खरंच झटके देत होता. तिला ते कळलं नव्हतं. मी म्हणाले, “हात बघ.” तिने पाहिलं, आणि हात तसाच हवेत थांबला.

“हा हात आईला काय सांगतोय?”

बराच वेळ काही नाही. मग, आधीच्या एकवीस सत्रांत कधी ऐकला नव्हता अशा आवाजात: “आई, मला पण ताप होता.”

आणि पुन्हा, मोठ्याने. “मला पण ताप होता! तू बघितलंसुद्धा नाहीस. मी बरी आहे म्हणून तुम्ही सगळ्यांनी गृहीतच धरलंत. मी बरी नव्हते.”

हा राग लांबला नाही, दोन-तीन मिनिटं असेल. त्यात आरडाओरडा नव्हता, पण पाठ ताठ होती आणि नजर खुर्चीवर रोखलेली. त्यामागून दुःख आलं, ते मात्र पुष्कळ वेळ. लाजेच्या जागी आधी राग आणि मग शोक, हा क्रम या पद्धतीत वारंवार सांगितला जातो. डोळ्यांसमोर घडताना त्यात क्रम वगैरे काही दिसत नाही. सगळं एकदम अंगावर येतं. शेवटी विचारलं, “त्या मुलीला तेव्हा काय हवं होतं?” “कपाळावर हात,” ती म्हणाली. मी विचारलं, आत्ता ती तुझ्यासमोर असती तर? तिने हात उचलला आणि स्वतःच्याच कपाळावर ठेवला. तिथेच मिनिटभर राहू दिला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. पुढचे तीन आठवडे वजन उतरलं. बधिरता गेली की दुखायला लागतं, आणि दुखलं की जुना उपाय हाताशी असतो. फिजिशियनने रुग्णालयाची रेषा जवळ आल्याचं बजावलं. आहारतज्ज्ञ आणि मी एकाच दिवशी तिच्याशी बोललो आणि तीन आठवडे प्रत्येक जेवणाला घरातलं कुणीतरी सोबत बसेल असं ठरलं. ही सोबत मागायचा फोन तिने स्वतः केला. तो करायला तिला दोन दिवस लागले. रेषा ओलांडली गेली नाही.

मला रागावणं

अठ्ठाविसाव्या सत्राच्या आधी मी लागोपाठ दोनदा वेळ बदलली होती. ती आली, बसली, सगळं ठीक आहे म्हणाली. वीस मिनिटांनी म्हणाली, “जाड वाटतंय.” मी नेहमीचं विचारलं, कधीपासून? आणि तिने माझ्याकडे थेट पाहिलं. “तुमचा मेसेज आल्यापासून. तुम्ही मला विचारलं नाहीत, मॅडम. कळवलंत फक्त. मी काय, कधीही चालतेच.”

आवाज कापत होता. मी म्हणाले की ती बरोबर आहे, मी तिला गृहीत धरलं, माझं चुकलं. स्पष्टीकरण माझ्याकडे होतं, चांगलंही होतं, पण ते द्यायची ही वेळ नव्हती. पुढचा आठवडाभर तिला खात्री होती की मी उपचार थांबवणार. एकोणतिसाव्या सत्राला ती पुन्हा दहा मिनिटं आधी आली, आणि मी खोलीतच आहे हे पाहून बाहेरच्या बाकावर बसून रडली, असं तिने नंतर सांगितलं.

खुर्च्यांची तंत्रं नजरेत भरतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिलं जातं. माझ्या मते या प्रकरणात निकाल लागला तो या दोन सत्रांत. रिकाम्या खुर्चीला रागावणं ही तालीम होती. इथे समोर खरं माणूस होतं, ते दुखावू शकत होतं, सोडून जाऊ शकत होतं, आणि गेलं नाही.

तिच्या आईला एकदाच बोलावलं, एकतिसाव्या सत्रात. खुर्चीतल्या आईपेक्षा खरी आई वेगळी निघते, तशी ही निघाली: थकलेली, हातात रुमाल, आपल्याला दोष देणार या तयारीने आलेली. मला म्हणाली, “मॅडम, ही कधी त्रासच द्यायची नाही हो. भावाच्या आजारपणात तर इतकी शहाण्यासारखी राहिली.” मुलगी म्हणाली, “आई, तेच सांगतेय मी.” आईला ते तेव्हा उमगलं की नाही, मला नीट कळलं नाही. थर्मामीटरची गोष्ट मुलीने त्या दिवशी सांगितली नाही, आणि मी सुचवलंही नाही. ती तिची होती, कधी सांगायची ते तिने ठरवायचं होतं.

अकरा महिन्यांनंतर

एकूण 40 सत्रं झाली. वजन निरोगी मर्यादेच्या खालच्या कडेला येऊन टेकलं होतं आणि चार महिने तिथे टिकलं होतं. पाळी सुरू झाली होती. ईसीजी आणि रक्ताचे अहवाल ठीक होते. जेवताना मोजणं चालूच होतं, पण आता ती मोजत असताना म्हणू शकत होती की मी मोजतेय. बाहेर चारचौघांत जेवणं अजून अवघड जात होतं. आवाज गेला नव्हता. तो आता ‘तो’ राहिला नव्हता इतकंच. ताणाच्या दिवसांत मोठा व्हायचा, आणि ती त्याला विचारायची, कशाला घाबरलीस? पुढचं वर्षभर आहारतज्ज्ञ आणि फिजिशियनकडे जायचं ठरलं. माझ्याकडे महिन्यातून एकदा.

काय उपयोगी पडलं असं मी शेवटाकडे विचारलं. मला वाटलं ती बाविसाव्या सत्राबद्दल बोलेल. ती म्हणाली, “मी कसंतरी म्हटलं की तुम्ही पुढे जायचा नाहीत. आधी मला त्याचा फार वैताग यायचा.”

आणि एक नोंद राहिली. अडतिसावं सत्र ठरल्या दिवशी झालं नाही. या अकरा महिन्यांत तिने एकही भेट कधी चुकवली नव्हती, खोकला असताना, परीक्षेच्या आदल्या दिवशी, धो धो पावसात, नेहमी दहा मिनिटं आधी हजर. त्या दिवशी सकाळी मेसेज आला: ‘मॅडम, आज येत नाही. ताप आलाय. आईला सांगितलंय, ती येतेय.’

मी फिजिशियनना कळवलं, कारण तापात जेवण कमी होतं आणि तिच्या बाबतीत दोन दिवसही महागात पडू शकतात. तिला उत्तर पाठवलं, आणि पुढच्या आठवड्यातल्या दोन वेळा देऊन विचारलं, यातली कोणती चालेल.